दीड दिवसाचं ऊन

२१ मार्च, शुक्रवार

ही डायरी खताच्या दुकानदारानं माझ्या लेकाला, भारतला फुकट दिली. पानापानावर खताच्या पोत्याचं चित्र. तीन महिने कोरीच पडून होती, सूनबाई शिवकन्या तिच्यावर गरम भगुलं टेकवायची. आज मी पुसून घेतली. माझी शाळा तिसरीपर्यंत. मास्तर मारकुटा होता म्हणून अक्षर टिकलं.

लिवायचं कारण सरजी. सरजाबाई, समोरच्या घरची. आमी दोघी एकाच साली ह्या गावात नांदायला आलो. तवापासून उन्हाळ्यात गल्लीतल्या पाच बायकांची कुरडयांची सावड हाय. आज माझ्या घरी, उद्या तुझ्या घरी, परवा तिच्या. गव्हाचा चीक हाटायला सरजी, सोऱ्या दाबायला मी. मंगळवारी माझी पाळी होती. सहा शेर गव्हाच्या कुरडया बाजांवर घातल्या. दोन दिवसांत कडकडीत वाळायला पायजेत. तीन दिवस झाले तरी मधून ओल्याच. आज उलटून पाहिल्या तर खालून हिरवी बुरशी, अन् वास असा की कुत्रं बी लांबून गेलं.

मी बायकांम्होरं बोलले, "सरजे, चीक कच्चा ठिवलास."

ती म्हणली, "चीक कच्चा न्हाई. ऊनच कच्चं हाय औंदा."

"ऊन काय तुझ्या चुलीवर शिजतंय का?"

सगळ्या हसल्या. सरजी हसली न्हाई. पदर खोचून उठली. "पारू, मागल्या साली बी असंच झालं होतं. तवा बी तू मलाच बोललीस. तुला इसर पडायलाय." अन् गेली. तिच्या मागं बाकीच्या तिघी. सोऱ्या माझ्या हातातच राहिला.

मला इसर पडायलाय! मला! आता रोज लिवून ठिवते. चीक कवा शिजवला, ऊन कसं होतं, किती दिवसांत वाळलं. कागदाची गवाही खोटी होत न्हाई. बघू कोणाला इसर पडतोय.

तर पयल्यापासून. सोमवारी रानात गेले होते. ऊस तुटून गेला, वाळल्या पाल्याचं पाचट पडलंय. पाचटाला पयली काडी आमच्या घरात मीच लावते, सासू गेल्यापासून. माझा हात लागला की पाचट एका दमात जळतं म्हणून भारत दुसऱ्या कोणाला लावू देत न्हाई. तवापासून गुडघा धरलाय. मंगळवारी चीक शिजवला. आकाश दुधात पाणी घातल्यागत. ऊन होतं, पण सावलीला धार नव्हती.

२२ मार्च, शनिवार

दोन शेर गहू भिजू घातला. एकटीनं करणार. शिवकन्या म्हणली, "आत्याबाई, मी येते हाताखाली." मी म्हणले, तू फोन बघत बस, चिकात पडंल.

सरजीचं दार बंद. असू दे.

२४ मार्च, सोमवार

गव्हाचं पाणी बदललं. भारत मोटारसायकलवर बसवून घेऊन गेला, खालच्या तुकड्याला बी काडी लावून आले. ज्वाळ अशी उठली की बांधावरचे बगळे उठून गेले. नदीकडचा तुकडा राहिलाय, तो पुढच्या पंधरवड्यात.

२५ मार्च, मंगळवार

चीक शिजवला. एकटीनं. हाटता हाटता खांदा निखळायची पाळी आली. सरजीची आठवण झाली. म्हणजे तिच्या दंडाची. तिचे दंड जाड हायत, बैलाला लाजवतील.

चीक असा शिजला की काच. कोणी म्हणून दाखवावं कच्चा. कुरडया घालून, बाजंजवळ काठी घेऊन बसले. कावळा बी फिरकू दिला न्हाई.

२८ मार्च, शुक्रवार

तीन दिवस!

माझा चीक. माझा हात. माझीच बाज. अन् आज दुपारी मोडून पाहिली तर कडकन वाजायचं सोडून चामड्यागत वाकली. बुरशी न्हाई आली एवढंच, कारण मी घटकाघटकाला उलटत होते.

आता मी कोणाला बोलू?

सरजीला सांगायची गरज न्हाई. गहू नवा असंल.

अजून एक. मालकांचं जुनं पांढरं धोतर बाजंवर अंथरलं होतं, त्याच्यावर काळे ठिपके. बोट फिरवलं की रेघ ओढली जाती. शिवकन्येला म्हणले, तवा झटकलास का इथं? ती म्हणली, "आत्याबाई, आपल्याकडं गॅस हाय. दोन साल झाले." म्हणजे माझी चूक दाखवायचीच. पण ठिपके कुठनं आले ते तिला बी सांगता येईना.

३० मार्च, ऐतवार, पाडवा

आज लय लिवायचं हाय. अक्षर वाकडं यायलंय. म्हातारपणानं न्हाई.

ज्ञानेश्वरी आली. भारतची थोरली, परभणीला शेतीच्या कॉलेजात शिकती. गुढी उभारली, पुरणपोळी झाली. मग मी तिला धोतर दाखवलं. शिकलेली हाय तर सांग म्हणले, हे काय?

तिनं बोट फिरवलं, नाकाला लावलं. म्हणली, "काजळी हाय आजी. धुराची."

"धूर तर दिसत न्हाई कुठं."

"दिसेनासा झाला म्हणजे संपला असं न्हाई. त्यातले कण हवेतच राहतेत. लय बारीक. तुझ्या एका केसाच्या जाडीत पंचवीस-तीस मावतील."

"माझ्या केसांत उवा मावल्या न्हाईत कवा, कण कुठले मावतेत."

ती हसली, पण सोडलं न्हाई. बापावर न्हाई गेली, माझ्यावर गेली. म्हणली, ते कण उन्हाला आडवे येतेत. काही कण ऊन वरच्या वर परत फेकून देतेत. काळे असतेत ते ऊन पितेत अन् स्वतःच तापतेत. म्हणून जमिनीपर्यंत पोचतं ते ऊन कमी.

मी म्हणले, "मग उकाडा का कमी न्हाई?"

"वर काळे कण तापलेत ना. वरची हवा गरम, खालचं ऊन पातळ."

म्हणजे वाढप्यांनीच खाल्लं अन् पंगतीला नुसता वास. हे मला पटलं. पण पटलं म्हणून मी मान डोलवीत बसणारी न्हाई. म्हणले, काळं ऊन पितं हे दाखव.

तिनं दोन झाकण्या घेतल्या, एकाच मापाच्या. एक दिव्यावर धरून काजळी धरली. दुसरीला चुना फासला. दोन्ही उन्हात ठिवल्या अन् प्रत्येकीवर फ्रिजमधल्या घट्ट तुपाची एकेक सुपारीएवढी गोळी. मी मोठ्यानं मोजायला लागले. शंभर व्हायच्या आत काळीवरचं तूप पसरलं! पार पाणी! चुन्यावरचं तीनशे झाले तरी रुसलेल्या जावयागत बसलेलं.

मी अशी वरडले की भारत जेवता जेवता बाहेर आला. त्याला वाटलं इच्चू चावला.

सत्तर उन्हाळे उन्हात काढले अन् ऊन पिणारं काही असतं हे मला आज कळलं! मग विचार आला, मी कुरडयांच्या नावानं रडायलेय, पण ज्वारीच्या कणसावर बी तेच पातळ ऊन पडायलंय की.

ज्ञानीनं कॉलेजातून थर्मामीटर आणलं होतं, ते पडवीत सावलीला टांगलं. माणसाच्या काखेत लावतेत ते मला ठाऊक. हे घराच्या काखेत. म्हणली, रोज दुपारी तीनला बघून लिवत जा. आणि जाताना म्हणली, "आजी, तुझी कुरडई बी एक यंत्रच हाय बघ. ऊन मोजायचं."

शिकून वाया न्हाई गेली.

गहू भिजू घातला.

१ एप्रिल, मंगळवार

थर्मामीटर साडेअडतीस.

स्वतःच्या डोक्यानं एक केलं. धोतर धुऊन ओलंच बाजंवर ताणलं अन् अर्ध्यावर परात पालथी घातली. दोन दिवस तसंच. आज परात उचलली. खाली पांढराशुभ्र गोल. बाहेर सगळं करडं. पौर्णिमेचा चांद अन् भोवती अमावस्या! शिवकन्येला हाका मारून दाखवलं. गल्लीतल्या दोघी आल्या. म्हणल्या, "काकू, हे आपल्या छातीत बी जात असंल का?"

मी म्हणले, तुमच्या छातीवर काय परात हाय?

तिसरी कोणीतरी दाराच्या फटीतून बघत होती. समोरच्या. मी तिकडं पाहिलं न्हाई.

३ एप्रिल, गुरुवार

अवकाळी. काल सांजच्याला ढग आले अन् आज सकाळपर्यंत धो धो. भारत बोंबललाय, हरभरा बाहेर होता. पत्र्यावरनं पयलं पाणी आलं ते चहासारखं. घंगाळात धरलं. तळाला काळा गाळ बसला.

दुपारी आकाश निळं. असलं निळं मी कितीक दिवसांत पाहिलं न्हाई. नवीन पातळ आणल्यागत. लिंबाच्या सावलीत पान न् पान येगळं दिसायलंय.

उद्या चीक शिजवते. ओल हाय, चार दिवस लागतील.

५ एप्रिल, शनिवार

दीड दिवस!!

काल सकाळी घातल्या. आज दुपारी मोडली. कडकन! परत मोडली. कडकन! सहा मोडल्या, शिवकन्या म्हणली आत्याबाई आता तळायला काय राहील. तोच गहू, तेच माप, खाली ओल. तरी दीड दिवस. पावसानं आकाश धुतलं अन् ऊन खाली उतरलं!

ज्ञानीला फोन लावला. ती बी वरडली तिकडं. मग शहाण्यासारखं म्हणली, "आजी, एकदा झालं म्हणजे सिद्ध झालं असं न्हाई. परत करून बघ." कर म्हणती. खांदा माझा जातोय.

समोर सरजीच्या अंगणात बाज रिकामी. तिनं औंदा गहूच भिजू घातला न्हाई. दोन साल पुरतील एवढ्या असतील तिच्याकडं. न्हाईतर मला काय करायचंय.

एवढं ऊन सापडलं अन् सांगायला कोणी न्हाई. शिवकन्येला सांगून काय उपयोग, ती सगळ्यालाच हो म्हणती.

६ एप्रिल, ऐतवार

हे पान फाडून टाकावं वाटायलंय. पण फाडणार न्हाई.

सकाळी देवळाच्या पायऱ्यांवर उभं राहून धूर मोजले. पाऊस होऊन तीन दिवस न्हाई झाले की परत सुरू. अकरा. त्यातला एक रामकिशनचा, कापसाच्या पऱ्हाट्या जाळायलाय. रामकिशन म्हणजे पारावर बसून गावाला अक्कल वाटणारा, स्वतःला उरली न्हाई असा. राम जलमाच्या पाळण्याला सगळं गाव देवळात होतं. पाळणा झाला, सुंठवडा वाटला, अन् मी पारावर जाऊन बोलले.

"रामकिशन, तुझ्या पऱ्हाट्यानं गावाचं ऊन खाल्लं."

"खाल्लं तर बरंच केलं की काकू. लय झालं होतं."

लोक हसले. मी दोन झाकण्या, तूप, परात, पाऊस, दीड दिवस, सगळं सांगितलं. माणसं खरंच ऐकायला लागली. बायका जवळ सरकल्या. मला असा जोर चढला! म्हणले, ज्यानं धूर केला त्यानं माझ्या सहा शेर कुरडया नासवल्या.

रामकिशन म्हणला, "काकू, अन् तुमच्या उसाचं पाचट जळलं तो धूर काय उदबत्तीचा होता का?"

"कवा?"

"होळीनंतरच्या सोमवारी. रस्ता दिसंना म्हणून मी गाडी थांबवली होती. काडी तुमीच लावत होतात."

"खोटं. तुझ्याकडं काय सबूत? माझ्याकडं कागद हाय!"

शिवकन्येला पळवलं, डायरी आणवली. सगळ्यांम्होरं एकवीस मार्चचं पान काढलं अन् मोठ्यानं वाचायला लागले. मास्तर म्हणायचा, पारू, आवाज देवळाच्या कळसापर्यंत गेला पायजे. गेला. "सोमवारी रानात गेले होते. पाचटाला पयली काडी आमच्या घरात मीच लावते. मंगळवारी चीक शिजवला. आकाश दुधात पाणी..."

माझंच अक्षर. माझीच गवाही.

पान उलटलं. चोवीसला खालच्या तुकड्याला काडी. पंचवीसला चीक. तीन दिवस. मी दोनदा स्वतःच्या हातानं ऊन जाळलं अन् दुसऱ्या दिवशी त्याच उन्हात कुरडया घालून काठी घेऊन बसले. कावळ्यावर पहारा!

पार असा हसला की कबुतरं उडाली. हसणाऱ्यांत मी बघत होते. सरजी देवळाच्या खांबाला टेकून उभी होती, हातात सुंठवड्याचा कागद. ती हसली न्हाई. त्या दिवशी बी हसली नव्हती. कागद मुडपला अन् गेली.

मग मी बी सोडलं न्हाई. म्हणले, "बरं. काडी माझी. कबूल. आता आठ दिवस गावात कोणी काही जाळायचं न्हाई. पयलं माझं रान. आठ दिवसांनी कुरडई घालते. दीड दिवसात न्हाई वाळली तर रामकिशन, तू सांगशील तिथं पाचटाला काडी लावते."

"अन् वाळली तर?"

"तर कुरडयांच्या बाजा तू उचलून धुवायला न्यायच्या. गल्लीतल्या सगळ्या."

"घ्या काकू, ठरलं." त्याला तमाशा पायजेच होता.

७ एप्रिल, सोमवार

भारत ऐकंना. नदीकडचा तुकडा जाळायचाच म्हणतोय. "माय, तूच शिकिवलंस. पाचट जाळलं की रान साफ, उंदीर जातेत, तुटल्या खोडाला खोडवा चांगला फुटतो."

मी म्हणले, "चूक शिकिवलं."

शिवकन्येनं लाटणं खाली ठिवलं अन् माझ्याकडं बघत राहिली. बघ म्हणले, परत ऐकायला मिळणार न्हाई.

ज्ञानीनं फोनवर बापाला सांगितलं, पाचट सरीत पसरून ठिवा, त्यानं ओल धरती, पाण्याची एक-दोन पाळी वाचती, कुजून खत बी होतं. पोरीनं सांगितलं तवा पटलं. मायनं शिकिवलेलं पोरीनं मोडायचं, अशीच रीत हाय.

९ एप्रिल, बुधवार

धूर चार. देवगाव फाट्याकडनं भारतचा पाहुणा आला होता, म्हणला तिकडं बी आकाश पांढुरकंच. धुराला शीव नसती. आपण आपलं झाकलं तरी शेजाऱ्याचं येणारच. मी म्हणले, येऊ दे. आपलं तर थांबलं.

पण वारं फिरलंय, बरं वाटायलंय. तुळशीची सावली बघितली. धार हाय.

गहू उद्या भिजू घालते.

१४ एप्रिल, सोमवार

काल सकाळी घातल्या. रामकिशन चारदा बघून गेला, जणू बाळंतिणीच्या खोलीबाहेर बाप. आज दुपारी पारावर नेऊन सगळ्यांम्होरं मोडली.

कडकन!

त्याच्याच हातात दिली. त्यानं मोडली. कडकन! पोरं नाचायला लागली. मी बी जरा हालले असंल, गुडघा आता सांगायलाय.

पण रामकिशन कसला गप्प बसतोय. म्हणला, "वाळली, कबूल. पण काकू, तुमच्या त्या थर्मामीटरवर किती?"

मी खोटं बोलत न्हाई. एक्केचाळीस. एक तारखेला साडेअडतीस होतं.

"बघा! धूर होता तवर सावली होती. म्हातारीनं गावाची सावली काढून घेतली!"

अन् माणसं खरंच माना डोलवायला लागली. उकाड्यानं वैतागलेली माणसं, कोणावर तरी राग काढायचाच असतो. मी सरजीवर काढला होता तसा. भारतच्या फोनवर ज्ञानीला लावलं, आवाज मोठा केला.

ज्ञानी म्हणली, "काका, एवढी वाढ धूर थांबल्यानं झाली न्हाई. उन्हाळा चढायलाय, दर एप्रिलला चढतो. एका गावाच्या आठ दिवसांवरनं काही सांगता येत न्हाई. पण तुमी म्हणता त्यात एक गोष्ट खरी हाय. सगळ्या जगात मिळून बघितलं तर धूर अन् धुरकट हवा थोडी उष्णता झाकून ठिवती."

रामकिशननं मिशीवर हात फिरवला. "मग? धूर ठिवावा का?"

"काका, धूर आठ-पंधरा दिवसांत खाली बसतो, न्हाईतर पाऊस धुऊन नेतो. पण कोळसा, डिझेल जाळून जो वायू वर जातो, तो उष्णता धरून शेकडो वर्षं राहतो. धूर झाकतो तेवढंच. खालची उष्णता वाढायचीच."

हे मला कळलं. पारभर कोणाला कळलं न्हाई ते मला कळलं, कारण मी भाकरीचा तवा रोज बघते. म्हणले, "रामकिशन, तापल्या तव्यावर पदर टाकला म्हणजे तवा गार झाला का? दिसंना झाला. अन् पदर बी जळायलाय. तुझी माय वर्षभर खोकती ती कोणत्या सावलीसाठी?"

तो उठला अन् बाजा उचलायला आला. चार बाजा. पाचवी सरजीच्या अंगणातली. तिनं दार उघडलं न्हाई, पण बाज नेऊ दिली. परत आणली तवा आतनंच म्हणली, उन्हात ठिव. मी ऐकलं.

१५ एप्रिल, मंगळवार

जायचं म्हणते. सकाळी गुडघा दुखत होता. दुपारी ऊन होतं. सांजच्याला पाहुणे असतील तिच्याकडं.

१६ एप्रिल, बुधवार

गेले.

डायरी काखेत घेऊन गेले. सरजी उंबऱ्यात डाळ निवडत होती. बस म्हणली न्हाई, मी बसले. सरजीला अक्षराची ओळख न्हाई. मी म्हणले, वाचून दाखवते.

"वाच."

पयल्या पानापासून वाचलं. काही गाळलं न्हाई. दंडाचं आलं तवा ती म्हणली, "बैलाला?" मी म्हणले, लिवलंय तसं वाचायलेय. ती डाळ निवडत राहिली, पण खडे सुपात अन् डाळ खाली टाकायली होती.

"गहू नवा असंल" इथं आले तवा तिनं सूप खाली ठिवलं.

"म्हणजे अठ्ठावीस तारखेलाच तुला कळलं होतं."

"कळलं नव्हतं. वाटलं होतं."

"अन् आज सोळा."

मी म्हणले, तारखा तुला बऱ्या कळतेत. ती म्हणली, "दिवस मोजायला अक्षर लागत न्हाई, पारू."

मग मी विचारलं, तुला धुराचं ठाऊक होतं तर तवाच का न्हाई बोललीस. तर म्हणती, "मला कुठं ठाऊक धुराचं? मला एवढंच ठाऊक की चीक शिजला होता. पन्नास वर्षं हाटायलेय. चीक मला सांगतो शिजलो म्हणून. मग राहिलं काय? ऊन. तुझी नात कॉलेजात जाऊन शिकली ते मी भगुल्यात बघितलं."

मी म्हणले, "चीक कच्चा नव्हता."

"मोठ्यानं. पारावर आवाज चांगला लागला होता तुझा."

"चीक कच्चा नव्हता!"

गल्लीतली दोन दारं उघडली. त्यातलं एक शिवकन्येचं.

सरजीनं हात म्होरं केला. मला वाटलं कुरडई मागायलीय, मी आणली बी होती. ती म्हणली, "ती न्हाई. काडीपेटी."

चंचीत तंबाखूजवळ असती माझी, पाचटाची. सासूनं दिली तवापासून जागा तीच, पेट्या बदलल्या. काढून दिली. तिनं हलवून बघितली, किती काड्या उरल्या ते. मग कमरेला खोवली.

"ही माझ्याकडं राहील. लागंल तवा मागून न्यायची. एक एक. कशाला पायजे ते सांगून."

मी म्हणले, तू काय सरकार हायस का?

"हाय."

मग कुरडई मोडून खाल्ली. कच्चीच. म्हणली, मीठ कमी.

२२ एप्रिल, मंगळवार

सावड झाली. सरजीच्या घरी पयली पाळी. बारा शेर. हाटायला ती, सोऱ्या दाबायला मी. धूर मोजायला आता पोरी जातेत, सकाळी दोन होते, दोन्ही लांब, मानवतकडं. थर्मामीटर साडेएक्केचाळीस. तवा तापलेलाच हाय. झाकलेला न्हाई एवढंच.

२३ एप्रिल, बुधवार

दीड दिवस. पयली सरजीनं मोडली.

२७ एप्रिल, ऐतवार

सकाळी काडी आणायला गेले. देवापुढं दिवा लावायचा होता. कशाला पायजे ते सांगितलं, मग तिनं चहा ठिवला, मग तिच्या धाकट्या सुनेचं गाऱ्हाणं झालं, मग माझ्या. एक काडी घेऊन येईस्तोवर ऊन उंबरा ओलांडून चुलीपर्यंत आलं. रोज असंच. काडीच्या नादात माझी कामं राहायलीत.

भारतनं काल बाजारातनं काडीपेट्यांचा आख्खा पुडा आणला. बारा पेट्या. मी तो फडताळात मागं सारला.

शिवकन्येनं विचारलं, घरात पुडा असताना काडी मागायला कशाला जाताव? म्हणले, पुडा दमट निघाला.

ती म्हणली, "आत्याबाई, एवढ्या उन्हात?"

तिला काय कळतंय उन्हातलं.